मातीविना कुंभार

नाशिकच्या गंगापूर रोडवरून एकेक गोष्ट वजा करत जाऊ. आधी गाड्या, सिग्नल, जेहान सर्कलची गर्दी, दुतर्फा दुकानं आणि लॉन्स. मग गावाबाहेरचे द्राक्षमळे. मग १९६५ साली पूर्ण झालेलं गंगापूर धरण. ते काढलं की गोदावरी पुन्हा आपल्या जुन्या पात्रात. आता गोदावरीही काढा, आणि ती जिथे उगम पावते तो ब्रह्मगिरीसुद्धा. त्याखालचा काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला, तो काढा. पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षांची, ती काढा. सूर्य, आकाशगंगा, १३८० कोटी वर्षांचं विश्व, सगळं काढा. इथवर मन कसंबसं येतं, कारण सगळं गेल्यावरही डोळ्यांपुढे एक प्रचंड, काळोखी, रिकामी जागा उरलेली असते. आता ती जागाही काढायची. काळही. ‘आधी’ आणि ‘नंतर’ हेही. आणि हे सगळं बघत उभे असलेले आपणही.

इथे मनाची वाट संपते. ‘काहीच नाही’ याची कल्पना करता येत नाही, कारण कल्पना करायलाही कुणीतरी लागतं. तरीही तो विचार पोकळ वाटत नाही. हे सगळं नसतं तर कुठलाही नियम मोडला नसता, आणि तरी ते आहे. पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्यात पाणी कातळावरून कोसळताना पाहिलं की त्याच्या जोराचं आपल्याला नवल वाटतं. पण तिथे कातळ, पाणी आणि कोसळणं असं काही मुळात आहे, हे नवल त्याहून मोठं. वास्तवाविषयी ख्रिस्ती श्रद्धेला जे म्हणायचं आहे त्याची सुरुवात या नवलापासून होते. तिचं म्हणणं असं की जे जे आहे ते असायलाच हवं होतं असं नाही. कुणीतरी ते असू दिलं म्हणून ते आहे, आणि असू देणाऱ्यानं ते आनंदानं असू दिलं.

हे ऐकायला भोळं वाटेल. आपल्या दर्शनशास्त्रांच्या अंगणात आणून ठेवलं की ते किती धाडसी आहे ते दिसतं.

दर्शनं शिकणाऱ्या प्रत्येकाला तिथे एक कुंभार भेटतो. घडा व्हायला दोन कारणं लागतात: ज्याचा घडा होतो ती माती, म्हणजे उपादानकारण, आणि जो घडवतो तो कुंभार, म्हणजे निमित्तकारण. मग वाद सुरू होतो की जगाची माती कोणती आणि कुंभार कोण. नैयायिक म्हणतात, परमाणू अनादी आहेत, ईश्वर त्यांची जुळणी करतो. सांख्यांना कुंभाराची गरजच वाटत नाही. प्रकृती आपणच उलगडत जाते. अद्वैती म्हणतात, कुंभारही ब्रह्म आणि मातीही ब्रह्म. घडा म्हणजे नुसतं नाव आणि रूप. या सभेत ख्रिस्ती माणूस उभा राहतो आणि म्हणतो, कुंभार आहे, माती नाही. अनादी काळापासून पडून असलेली माती नाही, आणि कुंभारानं स्वतःच्या अंगातून काढलेली मातीही नाही. तरी घडा आहे, आणि तो खराखुरा आहे.

नैयायिक यावर मान हलवणार. नसलेल्यातून काही निपजत नाही, हा त्याचा पक्का सिद्धान्त. ग्रीकांचाही हाच होता. प्लेटोच्या ‘तिमायस’मधला विश्वकर्मा आधीपासून असलेल्या द्रव्याला आकार देतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात अंत्युखियाचा थिओफिलस आणि लिआँचा आयरेनियस यांनी या ग्रीक मताला उघड विरोध केला, आणि देवाला आधीच्या कुठल्याही द्रव्याची गरज नाही हा विचार चर्चनं कायमचा आपला केला. मराठीलाही तो नवा नाही. मूळच्या इंग्लंडच्या आणि १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापलं गेलं, आणि त्यात सृष्टीच्या उत्पत्तीची ही कथा मराठी ओव्यांतून सांगितली आहे. तुकोबा तेव्हा अजून लहान होते.

या विचाराचा गाभा बहुतेकांच्या हातून निसटतो. ‘देवानं जग निर्माण केलं’ म्हटलं की आपल्याला फार पूर्वी घडून गेलेली एक घटना दिसते, एखाद्या कारखान्याच्या उद्घाटनासारखी. थॉमस अक्वायनस हा तेराव्या शतकातला विचारवंत म्हणतो की हे निराळंच काहीतरी आहे. जगाला आरंभ होता हे तर्कानं सिद्ध करता येत नाही, असं त्यानं १२७१ च्या सुमाराला लिहिलं, आणि त्यासाठी स्वतःच्या धर्मबांधवांचा रोष ओढवून घेतला. जग अनादी असतं तरी ते निर्मितच असतं, असं त्याचं म्हणणं. हे कसं, ते कुंभारावरूनच समजतं. साधा कुंभार घडा करून निघून गेला, मेला, तरी घडा राहतो, कारण माती त्याला धरून ठेवते. पण माती नसलेल्या कुंभाराचा घडा कशाच्या आधारावर राहणार? कुंभारानं हात काढला तर तो फुटणार नाही, झिजणार नाही, तो नसेलच. म्हणजे निर्मिती ही केव्हातरी होऊन गेलेली गोष्ट उरत नाही. ती आत्ता चालू आहे. या क्षणी हा कागद, तो वाचणारे डोळे, धरणातलं पाणी, सगळं नसण्यापासून एका इच्छेनं तोलून धरलं आहे. दोन क्षणांपूर्वी ते होतं म्हणून आता असेलच, अशी हमी त्यांच्या स्वतःकडे नाही.

मला हा विचार पहिल्यांदा नीट कळला तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं. आजही सुचत नाही.

अक्वायनसच्याही आधी, चौथं शतक संपता संपता, संत ऑगस्टिननं काळाचा प्रश्न हातात घेतला होता. जग करण्याआधी देव काय करत होता, असं लोक विचारत. ऑगस्टिनचं उत्तर असं की तो ‘आधी’ नव्हताच; काळही जगाबरोबरच निर्माण झाला. पंधराशे वर्षांनी जॉर्ज लमेत्र या बेल्जियमच्या कॅथलिक धर्मगुरूनं आइन्स्टाइनच्या समीकरणांतून १९२७ साली प्रसरण पावणारं विश्व मांडलं, आणि १९३१ साली सांगितलं की हे विश्व एका आदिम कणापासून सुरू झालं असावं आणि अवकाश व काळ यांना त्या आरंभानंतरच अर्थ आला. आज आपण ज्याला महास्फोट म्हणतो त्या कल्पनेचं हे पहिलं रूप. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या शोधात उत्पत्तीची जणू साक्षच सापडल्याचा सूर लावला, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाला. त्याच्या मते हा सिद्धान्त धार्मिक प्रश्नाच्या बाहेरचा होता. आस्तिक आणि नास्तिक दोघांनाही तो मोकळा सोडतो. धर्मगुरू असून त्यानं हे म्हटलं यात अनेकांना विसंगती दिसते. मला तर तो अक्वायनसचा खरा शिष्य वाटतो. विश्वाची पहिली घटका कोणती हे भौतिकशास्त्र शोधेल. ते मुळात का आहे हा प्रश्न पहिल्या घटकेलाही लागू आहे आणि आजच्या दुपारलाही.

यातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. जे असायलाच हवं होतं असं नाही, ते कसं आहे हे घरबसल्या तर्कानं काढता येत नाही. ग्रहांची वाट वर्तुळच असली पाहिजे, असं ग्रीक परंपरेला वाटे, कारण वर्तुळ हा सर्वांत निर्दोष आकार. पण देव मोकळा असेल तर तो वर्तुळाला बांधलेला नाही. त्यानं काय केलं ते जाऊन पाहावं लागतं. १२७७ साली पॅरिसच्या बिशपनं २१९ विधानांवर बंदी घातली. देवाला एकाहून अधिक जगं निर्माण करताच येणार नाहीत, अशा मताचंही विधान त्यांत होतं. बंदी घालण्याची ही रीत काही कौतुकाची नव्हे. पण तिचा परिणाम असा झाला की अॅरिस्टॉटलनं सांगितलं त्याहून जग वेगळं असू शकतं, हा विचार विद्यापीठांत शिरला. आधुनिक विज्ञानाच्या जन्माचं श्रेय याला किती द्यायचं यावर इतिहासकार अजून भांडतात. अरबांचं गणित आणि भारताचे अंक यांच्यावाचून ते घडलंच नसतं, आणि याच चर्चनं १६३३ साली गॅलिलिओला दोषी ठरवलं, हेही विसरून चालणार नाही.

आता आपल्याकडे येऊ. कारण हा सगळा वाद एका मराठी माणसानं आपल्या काळजात घेऊन लढला, आणि त्याची आठवण आज फारशी कुणाला नाही.

नीळकंठशास्त्री गोरे, जन्म १८२५, कोकणस्थ ब्राह्मण, झाशीकडचं घराणं, वाढले काशीत. मिशनऱ्यांचं खंडन करायला ते गेले आणि वाद घालता घालता स्वतःच अडकले. १८४८ साली जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या हे नाव घेतलं. पुढे महाराजा दुलीपसिंगांबरोबर इंग्लंडला गेले. लंडनमध्ये जे दिसलं त्यात आपण पवित्र शास्त्रात वाचलेला धर्म कुठेच नाही, ही खंत त्यांनी मॅक्स म्युलरजवळ बोलून दाखवली. १८६० साली त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हिंदीत प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. सहा दर्शनं आतून शिकलेल्या माणसानं त्यांच्याच परिभाषेत, त्यांच्याच न्यायानं केलेली ही झाडाझडती आहे.

त्यातला सर्वांत तिखट भाग अद्वैतावरचा. अद्वैतात सत्तेच्या तीन पायऱ्या सांगतात. दोरीवर साप दिसतो ती प्रातिभासिक सत्ता. दिवा आणला की संपते. आपलं रोजचं जग ही व्यावहारिक सत्ता. ब्रह्मज्ञान होईपर्यंत टिकते. आणि ब्रह्म तेवढं पारमार्थिक. गोरे विचारतात, ही मधली पायरी नेमकी काय आहे? जग खरोखर आहे म्हणायचं असेल तर ब्रह्माशिवाय दुसरं काहीतरी आहे हे कबूल करा. नाही म्हणायचं असेल तर ‘सत्ता’ हा शब्द त्याला लावू नका. आणि हे सगळं अज्ञानामुळे दिसतं म्हणता, तर ते अज्ञान कुणाचं? जीवाचं म्हणावं तर जीव हाच अज्ञानाचा परिणाम. ब्रह्माचं म्हणावं तर शुद्ध ज्ञानस्वरूपाला अज्ञान कसं?

वेदान्ती यावर गप्प बसत नाही. तो म्हणतो, जग सशाच्या शिंगासारखं अगदी नाही असंही नाही आणि ब्रह्मासारखं सदैव आहे असंही नाही. ते या दोन्हींत बसत नाही म्हणून त्याला अनिर्वचनीय म्हणायचं. आणि मला वाटतं गोऱ्यांनी इथे घाई केली. कारण ख्रिस्ती विचारातही जग देवासारखं ‘आहे’ नाही. देव आपल्या बळावर आहे. जग उसन्या बळावर. ही उसनी सत्ता सांगायला काहीतरी मधला शब्द लागतोच. बंगालमधले ब्रह्मबांधव उपाध्याय हे पुढे कॅथलिक झाले, आणि त्यांनी मायेच्या कल्पनेत नेमकी हीच गोष्ट पाहिली: जे स्वतःहून नाही, दिल्यामुळे आहे, त्याचं वर्णन. एकाच धर्मात आलेल्या दोन ब्राह्मणांनी एकाच कल्पनेचे असे दोन उलटे अर्थ लावले.

‘अज्ञान कुणाचं?’ हा गोऱ्यांचा प्रश्न तर मराठीत सहाशे वर्षं आधी विचारून झाला होता. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’चं सातवं प्रकरण आहे अज्ञानखंडन. अज्ञान नावाची वस्तू शोधायला ज्ञानदेव निघतात आणि ती कुठेच सापडत नाही हे एकेक दार उघडून दाखवतात. इथपर्यंत शास्त्रीबुवा आणि ज्ञानदेव बरोबर चालतात. मग वाटा फुटतात. अज्ञान नाही, तर जग कुठून दिसतं? ज्ञानदेवांचं उत्तर: ते आत्म्याचंच स्फुरण आहे, चैतन्याचा विलास. दुसरं कुणी नाहीच; एकच वस्तू आपणच आपल्याला पाहते आहे. गोऱ्यांचं उत्तर: दुसरं आहे. देव आहे आणि देवानं केलेलं जग आहे, आणि त्या दोघांतलं अंतर ही चूक नाही. गंगापूर धरणात येणारं पाणी ज्या त्र्यंबकेश्वराकडून येतं, तिथे ज्ञानदेवांचे गुरू निवृत्तिनाथ समाधिस्थ आहेत. म्हणून या परिसरातल्या माणसाला मी सांगेन की हा वाद विलायतेतून आलेला समजू नका. जग मिथ्या आहे का, हा प्रश्न आपल्याच नदीकाठचा. त्याला ‘मिथ्या नाही’ असं म्हणणारी दोन उत्तरं आहेत, आणि दोन्हींची खोली पाहून भोवळ यावी अशी आहे.

अंतर ही चूक नाही, हे भक्तीला पटकन कळतं. प्रेम करायला दोघं लागतात. तुकोबांनी मोक्षापेक्षा पुन्हा जन्म मागितला, भजन करता यावं म्हणून. कवी नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या बोलण्यातलं एक मर्म मला इथे सापडतं. टिळकांना घडवणारा देवही कळायला हवा होता आणि भेटणाराही. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले टिळक नाशिकला आले, गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकले, आणि १८८० च्या सुमाराला त्यांचं लग्न झालं ते गंगापूर रोडपासून नदीपलीकडे असलेल्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूशी. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक.

वास्तवाचा प्रश्न पोथीतून उतरून घरात येतो तेव्हा कसा दिसतो, हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचून जितकं कळतं तितकं कुठल्याही तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातून मला कळलेलं नाही. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धक्क्यानं वडिलांच्या मनानं सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की बाहेरून घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूत विटाळ दिसू लागला. बाजारातून आणलेलं धान्यही धुतल्याशिवाय आत यायचं नाही. घरातल्या बायकांचे दिवस धुण्यात आणि वाळवण्यात जात. आपण याला वेड म्हणून सोडून देतो, पण त्यामागे जगाचं एक चित्र आहे: वस्तू आपल्या ठायीच शुद्ध किंवा अशुद्ध असतात, स्पर्शानं ती अशुद्धी वाहते, आणि जग म्हणजे अशा स्पर्शांचं जाळं, ज्यातून स्वतःला सतत सोडवत राहायचं.

याच्या शेजारी ‘उत्पत्ती’च्या पुस्तकाचा पहिला अध्याय ठेवून पाहा. उजेड, पाणी, जमीन, झाडं, जलचर, पाखरं, जनावरं. एकेक झालं की देव त्याकडे पाहतो आणि त्याला ते चांगलं दिसतं. माणूस अजून आलेलाही नसतो. म्हणजे चांगलेपण माणसाच्या उपयोगावर ठरलेलं नाही, कुणाच्या स्पर्शानं ते जाणारही नाही. धान्याचा दाणा चांगला आहे, कारण तो असू दिलेला आहे.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला झाला. लक्ष्मीबाई कोसळल्या; पाच वर्षं त्यांनी तो धर्म स्वीकारला नाही. मग त्यांच्या मनानं स्वतःच्या वाटेनं एक प्रश्न सोडवला. जात देवानं केली की माणसानं? देवानं केली असती तर पशुपक्ष्यांच्या जाती जशा डोळ्यांना वेगळ्या दिसतात तशा माणसांच्या दिसल्या असत्या. ब्राह्मणाच्या आणि महाराच्या देहात तसा काही फरक नाही. म्हणजे हे माणसाचं काम. हा विचार आला तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईनं कुणाच्या प्रवचनाशिवाय स्वयंपाकघरातली अशुद्धी वस्तूंच्या अंगात नाही, आपल्या समजुतीत आहे, हे शोधून काढलं. गोऱ्यांनी जी उलथापालथ सहा दर्शनं पालथी घालून केली ती त्यांनी डोळे उघडे ठेवून केली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती मंडळ्यांतही जात टिकून राहिली हे त्यांच्या नजरेतून सुटलं नसणार. मत बदललं म्हणून माणसं लगेच बदलत नाहीत.

जग खरं, तर देहही खरा. गंगापूर रोडला लागूनच शरणपूरचा भाग आहे. तिथे १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ख्रिस्ती वस्ती उभारली. अरबी समुद्रात गुलाम वाहून नेणारी गलबतं इंग्रज आरमार पकडे, आणि त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुलं तिथल्या आश्रमात ठेवली जात. ज्यांची बाजारात किंमत ठरली होती ती मुलं इथे सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. ‘नाशिक बॉइज’ म्हणून ती इतिहासात ओळखली जातात. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ च्या मे महिन्यात डेव्हिड लिव्हिंग्स्टन मध्य आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांच्या आफ्रिकी सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथल्या एका झाडाखाली पुरलं. प्रार्थना वाचली जेकबनं, आणि झाडाच्या खोडावर अक्षरंही त्यानंच कोरली. मग सगळ्यांनी मिळून देह उन्हात वाळवला, सालीत गुंडाळला, आणि दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर खांद्यावर वाहून समुद्रकिनाऱ्याला आणला. १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता.

त्यांनी एवढे कष्ट का घेतले याची कारणं अनेक असतील: निष्ठा, प्रेम, आपण त्यांना मारलं नाही हे सिद्ध करण्याची गरज. पण शरणपूरला जे शिकवलं जाई त्यात एक गोष्ट निश्चित होती. मेल्यावर आत्मा सुटला आणि देह टाकला, असं ख्रिस्ती श्रद्धा म्हणत नाही. तिचा विश्वास देहाच्या पुनरुत्थानावर आहे. देह हे उतरवून ठेवायचं जुनं वस्त्र नाही; तो मीच आहे, आणि ज्यानं मला असू दिलं तो मला देहासकट परत असू देईल. माती नसलेल्या कुंभाराला हे जड जाणार नाही, असा त्यामागचा हिशेब. पटो न पटो, हा हिशेब पहिल्या दाव्याशी किती घट्ट जुळतो ते पाहावं.

आणि इथेच या श्रद्धेला तिची किंमत मोजावी लागते. जग खरं असेल तर दुःखही खरं. प्लेगमध्ये गेलेलं मूल, दुष्काळात रस्त्यावर पडलेली माणसं, यांना व्यवहारापुरतं म्हणून बाजूला सारता येत नाही. पूर्वकर्माचं फळ असा हिशेबही लावता येत नाही, कारण हा जन्म पहिलाच. आणि देव चांगला, त्यानं केलेलं जग चांगलं, मग हे कुठून आलं? नैयायिकाला हा प्रश्न एवढा टोचत नाही. त्याचा ईश्वर अनादी कर्माला धरून चालतो. ख्रिस्ती माणसाला पळायला वाट नाही. ज्यानं माती आणली नाही त्याला मातीवर दोष ढकलता येत नाही.

टिळकांना ही टोचणी पुरती ठाऊक होती. फुलामुलांचा कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ‘केवढे हे क्रौर्य’ ही त्यांचीच कविता. एका जखमी पाखराचं मरण त्यांनी असं लिहिलं की पिढ्यान्पिढ्या शाळकरी मुलांचे गळे दाटले. पाखराचं दुःख लहान नाही, कारण पाखरू खरं आहे. एकोणिसावं शतक सरता सरता दुष्काळ पडला तेव्हा टिळक पतिपत्नींनी नगरला पोरकी मुलं घरात घेतली. नीळकंठशास्त्रींना तर आयुष्यभर शंकांनी सोडलं नाही. बाप्तिस्म्यानंतर चार दशकांहून अधिक काळ ते पुन्हापुन्हा त्याच प्रश्नांशी झुंजत राहिले. पंडिता रमाबाईंसारख्या बुद्धिमान स्त्रीला श्रद्धेकडे यायला त्यांच्या लेखनाची मदत झाली. स्वतःच्या मनाला मात्र ते सहजासहजी समजावू शकले नाहीत. १८९५ च्या ऑक्टोबरात मुंबईत ते गेले. श्रद्धा म्हणजे प्रश्न मिटणं, असं मानणाऱ्यांनी हे चरित्र वाचावं.

दुःखाचं ख्रिस्ती उत्तर युक्तिवाद नाहीच. ते एक गोष्ट सांगतं. ज्यानं हे सगळं असू दिलं तो स्वतः त्यात उतरला, एका सुताराच्या घरी वाढला, दमला, रडला, आणि रोमन सुभेदाराच्या हुकमानं वधस्तंभावर मारला गेला. अवताराची कल्पना आपल्याला परकी नाही. पण इथे देव जगाचं नाटक करायला येत नाही. भूक लागते ती खरी लागते, खिळे ठोकतात ते खरे देहात जातात. जग खरं आहे याची याहून टोकाची ग्वाही माझ्या वाचनात नाही.

ही गोष्ट मराठीत ओवीबद्ध सांगायला टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ घेतलं. अकरा अध्याय झाले आणि १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. येशूचा अटकेपासून वधस्तंभापर्यंतचा सगळा प्रवास असा त्यांच्या वाट्याला आला. १९३६ साली त्याही गेल्या, तेव्हा मुलगा देवदत्त यानं शेवटचा अध्याय लिहून ग्रंथ पुरा केला.